अँपिअरचा नियम तारेबाहेर काढा : सातारा-सांगलीच्या भौतिकशास्त्र विभागप्रमुखांना खुलं पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागप्रमुखांस,

सप्रेम नमस्कार.

सेमिस्टर संपत आलं, की बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टसाठी धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतली गर्दीही वाढते. सोलर ट्रॅकर, टाकी भरल्याचा अलार्म, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी. पैसे मोजले की जोडून, चालवून, वर स्पायरल बायंडिंगच्या रिपोर्टसह हातात मिळतं. मी बाह्य परीक्षक म्हणून बऱ्याच टेबलांमागे बसलो आहे. एका रिपोर्टच्या ऋणनिर्देशात तर दुसऱ्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार मानलेले होते. फाइल कुठून फिरत आली, हे विचारायचीही गरज उरली नव्हती. मुलांना मी फारसा दोष देत नाही. विषय आपण देतो, आणि दरवर्षी तेच देतो.

ज्या भागात कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद दिलं, तिथं प्रोजेक्ट विकत आणणं शोभत नाही, एवढं बोलून मुद्द्यावर येतो.

माझी मागणी एकच आहे. येत्या वर्षी प्रत्येक विभागानं निदान एका गटाला उपग्रहांच्या खऱ्या मोजमापांवर प्रोजेक्ट करू द्यावा. विषयही सुचवतो : पृथ्वीच्या सूर्यासमोरच्या बाजूला, चुंबकावरणाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावाखालच्या प्रदेशाच्या, कडेवर वाहणारा विद्युतप्रवाह. त्यासाठी लागणारं सगळं भौतिकशास्त्र आपल्या अभ्यासक्रमात आहे. मोजमापं इंटरनेटवर फुकट आहेत. पैसे लागत नाहीत, लागतं ते बसून गणित करणं.

आधी हा प्रवाह म्हणजे काय ते सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी तो शिकवलेला नाही, कारण पेपरात येत नाही.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत येत असतो. साधारण दिवशी एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन आणि वेग सेकंदाला ४०० किलोमीटर. त्याचा दाब काढा : घनता गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे १.३ नॅनोपास्कल. आता दुसऱ्या बाजूनं या. विषुववृत्तावर जमिनीशी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढोबळमानानं ३०,००० नॅनोटेस्ला. द्विध्रुवाचं, म्हणजे दोन टोकांच्या चुंबकाचं, क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे केंद्रापासून दहा पृथ्वीत्रिज्यांवर ते हजारपटीनं कमी, ३० नॅनोटेस्ला. तिथल्या सीमेवर वाहणारा प्रवाह आतल्या बाजूला जवळपास तेवढ्याच क्षेत्राची भर घालतो, म्हणून ६० धरा. क्षेत्राचा वर्ग भागिले दोन म्यू-नॉट (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक) केलं, की चुंबकीय दाब येतो १.४ नॅनोपास्कल. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. म्हणजे सूर्यासमोरच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकीय साम्राज्य दहा त्रिज्यांच्या, सुमारे ६४ हजार किलोमीटरच्या आसपास संपतं. या सीमेला मॅग्नेटोपॉज म्हणतात. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होतं, आणि ते जुळलं की वर्गात मागच्या बाकावरचाही मान वर करतो, हा माझा अनुभव आहे.

सीमेच्या आत क्षेत्र मोठं, बाहेर लहान. क्षेत्र असं एकदम बदलतं तिथं प्रवाह असलाच पाहिजे, हे अँपिअरचा नियम सांगतो. सिडनी चॅपमन आणि विन्सेंट फेरारो यांनी १९३१ साली हे कागदावर मांडलं. सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोटाच्या पुढच्या अंगावर प्रवाह निर्माण होईल आणि तो पृथ्वीचं क्षेत्र आतच कोंडून ठेवील, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा उपग्रह नव्हते. एक्सप्लोरर १२ या उपग्रहानं ही सीमा ओलांडून मोजमापं पाठवली ती १९६१ साली. तीस वर्षं दोन माणसांचं गणित पुराव्याशिवाय उभं होतं.

प्रवाह किती? क्षेत्रातला फरक ५० नॅनोटेस्ला धरून म्यू-नॉटनं भागा. सीमेच्या दर मीटर रुंदीला ०.०४ अँपिअर, म्हणजे किलोमीटरला ४० अँपिअर. शेतातल्या पाच एचपीच्या पाच-सहा मोटारी मिळून ओढतात तेवढाच. पण ही सीमा हजारो किलोमीटर पसरलेली आहे, त्यामुळे एकूण बेरीज लाखो अँपिअरांच्या घरात जाते. विषुववृत्ताजवळ हा प्रवाह पहाटेच्या बाजूकडून संध्याकाळच्या बाजूकडे वाहतो. दिशा उजव्या हाताच्या नियमानं मुलांना स्वतः काढू द्या; आपण सांगितली तर मजा जाते.

इथवर पाठ्यपुस्तकाची ताणलेली बाजू झाली. खरी गोष्ट पुढं आहे.

नुसतं क्षेत्र मोजून एकटा उपग्रह प्रवाह नक्की काढूच शकत नाही. त्याच्याकडे एका जागेचं, एका क्षणाचं क्षेत्र असतं. वाचन बदललं, तर आपण पुढं सरकलो म्हणून बदललं की सीमाच आपल्यावरून सरकली, हे त्याला कळत नाही. आणि सीमा सरकतेच. सौरवाऱ्याचा दाब जरा बदलला, की ती सेकंदाला दहा-दहा, कधी शंभर किलोमीटर वेगानं आतबाहेर होते. एकाच फेरीत तोच उपग्रह तिच्या आत-बाहेर अनेकदा होतो, आणि तो स्वतः फार हललेला नसतो.

म्हणून युरोपीय अंतराळ संस्थेनं चार उपग्रह एकत्र पाठवायचं ठरवलं. योजनेचं नाव क्लस्टर. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत, चारही उपग्रह अग्निबाणासह नष्ट झाले. कारण काय, तर एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि ती मावली नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या शेजारच्या विभागालाही हे जरूर सांगा, विशेषतः ज्यांना डेटा टाइप हा नुसता पाठांतराचा विषय वाटतो त्यांना. पुन्हा चार बांधले, आणि २००० सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन करून बैकानूरहून सोडले. नावं ठेवली रुंबा, साल्सा, सांबा आणि टँगो. त्यांनी दोन तपं काम केलं. साल्सा सप्टेंबर २०२४ मध्ये वातावरणात परतवून जाळला.

चारच का? कारण चार बिंदूंनी एक चतुष्फलक तयार होतो. त्याच्या प्रत्येक त्रिकोणी बाजूभोवती क्षेत्राची बेरीज घ्या, बाजूच्या क्षेत्रफळानं आणि म्यू-नॉटनं भागा, की त्या बाजूतून आरपार जाणारा सरासरी प्रवाह मिळतो. तीन बाजूंवरून प्रवाहाचा पूर्ण सदिश निघतो. या पद्धतीला कर्लोमीटर म्हणतात. आपण फळ्यावर लांब सरळ तारेभोवती वर्तुळ काढतो ना, तेच इथं शेकडो किलोमीटरच्या त्रिकोणाभोवती करायचं. तारेचं उदाहरण परीक्षेपुरतं ठीक आहे. पण त्यात उत्तर आधीच माहीत असतं. इथं ते माहीत नसतं.

हाताशी काय येतं तेही सांगतो. डेटाची फाइल उघडली की एक रांग वेळेची, तीन रांगा क्षेत्राच्या घटकांच्या नॅनोटेस्लात, तीन रांगा स्थानाच्या किलोमीटरमध्ये. अशा चार फाइल. एखादी सीमा ओलांडल्याची वेळ घेऊन उत्तरेकडचा घटक आलेखावर मांडला, की ६०च्या आसपास शांत चाललेली रेघ काही सेकंदांत १०वर येते, कधी शून्याखाली जाते, आणि पुढं नुसती थरथरत राहते. तो थरथराट म्हणजे सीमेबाहेरचा, धक्क्यानं मंदावलेला सौरवारा. चारही उपग्रहांच्या रेघा एकावर एक ठेवा. उतार सारखाच, पण एकाच वेळी नाही. समजा, सीमेच्या लंब दिशेत ६०० किलोमीटर अंतर असलेल्या दोघांत १२ सेकंदांचा फरक पडला. म्हणजे सीमा सेकंदाला ५० किलोमीटर वेगानं सरकली. उतार १० सेकंद टिकला असेल तर सीमेची जाडी ५०० किलोमीटर. क्षेत्रफरक ५० नॅनोटेस्ला. भागाकार करा : दर चौरस मीटरला सुमारे ८० नॅनोअँपिअर.

मग कर्लोमीटर चालवा, आणि उत्तर कमी येईल. मुलं म्हणतील, सर, चुकलं. चुकलेलं नसतं. चौघांमधलं अंतर सीमेच्या जाडीपेक्षा जास्त असेल, तर मधला बारकावा सरासरीत बुडतो. त्यासाठीच क्लस्टरचे उपग्रह कधी शंभर किलोमीटरवर, कधी हजारो किलोमीटरवर ठेवले जात. याच जोडीला आणखी एक पडताळणी आहे : त्याच चार मोजमापांवरून चुंबकीय क्षेत्राचा डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर फाकतं ते, काढा. तो शून्य असायला हवा, हे मॅक्सवेलचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं. इथं तो नेमका शून्य येत नाही, आणि कर्लच्या (क्षेत्र किती वळसा घेतं त्याच्या; प्रवाह यातूनच निघतो) तुलनेत किती मोठा येतो त्यावरून आपल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे कळतं. पाठ केलेलं समीकरण असं कामाला लागलेलं मी आपल्या प्रयोगशाळांत क्वचितच पाहिलं आहे. व्हायवाला मी तर हाच प्रश्न विचारीन : तुझा डायव्हर्जन्स किती आला आणि का?

नासाचे एमएमएस हे चार उपग्रह मार्च २०१५ मध्ये गेले, ते याच्या पुढच्या पायरीसाठी. ते एकमेकांपासून सात-आठ किलोमीटरवर येऊ शकतात. शिवाय त्यांनी प्रवाह दुसऱ्या वाटेनंही मोजला : आयन (इथं धनभारित कण) कुठल्या वेगानं जातात, इलेक्ट्रॉन कुठल्या, त्यांचा फरक गुणिले संख्या गुणिले विद्युतभार. ऐकायला सोपं आहे. आपले ८० नॅनोअँपिअर घ्या, घनसेंटिमीटरला दहा कण धरा. वेगातला फरक निघतो सेकंदाला अवघा ५० किलोमीटर. तिथले इलेक्ट्रॉन स्वतः सगळ्या दिशांना सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं धावत असतात. त्या धावपळीतून ५० किलोमीटरचा कल वेगळा काढायचा. आधीचे उपग्रह स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण करून कणांचं एक पूर्ण चित्र घेत. क्लस्टरला त्यासाठी ४ सेकंद लागत. एमएमएस इलेक्ट्रॉनांचं चित्र ३० मिलिसेकंदांत घेतं. त्यामुळे दिसलं असं, की सीमा म्हणजे एकसारखी जाड चादर नाही. तिच्या आत इलेक्ट्रॉनांनी वाहिलेले अतिशय पातळ थर असतात आणि तिथं प्रवाह दर चौरस मीटरला एक मायक्रोअँपिअरच्या घरात जातो. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी हे उपग्रह अशा जागेतून गेले, जिथं सूर्याचं आणि पृथ्वीचं क्षेत्र तुटून एकमेकांना जोडलं जात होतं. इथूनच सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते.

एवढ्या लांबचं आपल्याला काय, असं एखादे प्राचार्य विचारतीलच. त्यांना अलिबागला पाठवा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा एकोणिसाव्या शतकातली. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्यामुळे मोजमापं बिघडणार, म्हणून ती १९०४ साली अलिबागला नेली. १८५९च्या सप्टेंबरमधल्या महावादळाची कुलाब्याची नोंद, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट, आजही जगभर अभ्यासली जाते. सौरवाऱ्याचा धक्का मॅग्नेटोपॉजवर बसला, सीमा आत दाबली गेली आणि तिथला प्रवाह वाढला, की अलिबागच्या आलेखावर काही मिनिटांत रेघ चढते, साधारण काही दहा नॅनोटेस्लांनी. मागाहून, पृथ्वीभोवती कडं करून वाहणारा दुसरा प्रवाह जोर धरतो, तेव्हा ती तासन्‌तास खाली जाते. साठ हजार किलोमीटरवरच्या प्रवाहाची सही आपल्या कोकणात, जमिनीवर मिळते. १० मे २०२४च्या वादळात ही सीमा भूस्थिर उपग्रहांच्या कक्षेच्याही आत ढकलली गेली होती. त्या रात्री लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल आरोरा (ध्रुवीय प्रकाश) टिपला गेला, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची अचूकता गेली म्हणून शेतकरी थांबून राहिले. आपल्याकडेही उसावर ड्रोननं फवारणी सुरू झालीच आहे. (आणि हो, ‘आज रात्री कॉस्मिक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’ हा मेसेज दरवर्षी मला माजी विद्यार्थीच पाठवतात. त्यांनी अँपिअरचा नियम माझ्याकडेच शिकलेला असतो, म्हणून जास्त लागतं.) मात्र कोयनेची वीज उद्या सौरवादळानं बंद पडेल, असलं काही मुलांच्या रिपोर्टमध्ये येऊ देऊ नका. १९८९च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्विबेकमध्ये तसं झालं, पण तो प्रांत आरोराच्या पट्ट्याजवळ आहे. आपण विषुववृत्ताच्या बाजूला आहोत आणि इथं तो धोका बराच कमी.

आता अडचणींबद्दल, कारण त्या खऱ्या आहेत. निम्मा विभाग सीएचबीवर चालतो. तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या माणसाला वर्षभर प्रोजेक्टमागे बसायला सांगायचं तर तो वेळ वर्कलोडमध्ये धरायला हवा, आणि ते काम विभागप्रमुखांनीच संस्थेकडून करून घ्यायचं आहे. नॅकच्या फाइलींसाठी जसा वेळ काढला जातो तसाच. डेटाच्या फाइल वेगळ्या स्वरूपात असतात हे खरं, पण नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर वेळ आणि उपग्रह निवडला की साध्या मजकुराची फाइल मिळते, ती एक्सेलमध्ये उघडते. पायथन येणारी मुलं असतील तर उत्तम, नसली तरी अडत नाही. कर्लोमीटरचं सूत्र म्हणजे स्थानांच्या फरकांचे काही सदिश गुणाकार आहेत, पहिल्या वर्षाचे. इंग्रजीची भीती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त असते. आणि रिपोर्ट मराठीत लिहिला तर आकाश कोसळणार नाही.

आदित्य-एल१ची मोजमापंही इस्रोनं खुली केली आहेत. तो सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर उभा आहे. ४०० किलोमीटर वेगाचा वारा तिथून पृथ्वीपर्यंत यायला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. एका गटानं आदित्यचे आकडे घेऊन सीमा कुठं असेल ते काढावं, दुसऱ्यानं त्या दिवशीचा अलिबागचा आलेख पाहावा आणि दोघांनी आपले तक्ते एकमेकांसमोर ठेवून भांडावं. सातारचा गट आणि सांगलीचा गट असला तर आणखी रंगेल. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, रडार आहे. सहल म्हणून पन्हाळ्याला बस जातेच. ती तासभर तिथं थांबवायला कोणाची हरकत नसावी.

गुणांबद्दल एक विनंती. बाहेरच्या परीक्षकाला टेबलावर काहीतरी लुकलुकणारं हवं असतं, हे मला माहीत आहे; मीही त्याच खुर्चीवर बसलो आहे. चार आलेख आणि एक तक्ता त्यापुढं फिके दिसतात. म्हणून अंतर्गत गुणांतच तरतूद करा : ज्या गटाला सीमा सापडली नाही, पण का सापडली नाही हे आकड्यांनिशी सांगता आलं, त्यालाही पूर्ण गुण. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण) आता सक्तीचे आहेत, जागा आहे. ती पुन्हा दुकानदाराच्या हवाली करू नका.

माझ्याकडे क्लस्टरची एक सीमा ओलांडल्याची चार उपग्रहांची फाइल आणि त्यावरचं एक्सेलमधलं गणित तयार आहे. ते मी कुणालाही पेनड्राइव्हवर देईन, मात्र त्यातली प्रवाहाची रांग मुद्दाम रिकामी ठेवली आहे. दोन तासांचं शिबिर घ्यायचं असेल तर इस्लामपूर, कराड, वाई, जत, कुठंही येईन. मानधन नको, हार-नारळ तर मुळीच नको. चालू प्रोजेक्टर आणि दुपारी वीज जाणार नाही अशी वेळ तेवढी बघा.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक
विश्रामबाग, सांगली